लग्न चिखलीला होतं

माझा आवाज वर्गात तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला कळलं, आणि बाकीच्या शाळेला त्यानंतर पाच मिनिटांनी.

शाळा जिल्हा परिषदेची. बीबी या बाजाराच्या गावापासून काळीपिवळी जीपने वीसेक मिनिटं. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी हेडसर घेतात, तिसरी-चौथी माझ्याकडे. अशा शाळेत ज्यांनी पाऊल ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते : एका खोलीत दोन वर्ग म्हणजे दोन चुलींवरचं दूध. एकाकडे बघितलं की दुसरं उतू जातं. तिसरीला वजाबाकी समजावून मी वळायची, तोवर चौथीत कोणाच्या तरी दप्तरात खडूची भुकटी भरून झालेली असायची.

मी खामगावची. शिकले इंग्रजी माध्यमात, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत कॉन्व्हेंटमध्ये. शाळेत मराठी होतं, पण पाहुण्यासारखं. आठवड्यातून काही तास यायचं, बसायचं, जायचं. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण हातात पुस्तक असायचं ते इंग्रजी. शिक्षकभरतीत इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांसाठी काही जागा होत्या, त्यात माझा नंबर लागला. आईला हवी होती सरकारी नोकरी, मला हवं होतं चार माणसांसमोर फार बोलावं लागणार नाही असं काम. आईचं जमलं.

पहिले सहा महिने मी ओरडून पाहिलं. मग शिट्टी आणली. तिसऱ्या वर्षी टेबलावर डस्टर आपटायला लागले. एके दिवशी आपटता आपटता डस्टरचं लाकूड माझ्या हातात राहिलं आणि खालची कापडी पट्टी उडून दुसऱ्या रांगेत गेली. मुलांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या शेडमध्ये मंदाबाई खिचडी शिजवतात. त्यांच्या शेडला दार नाही, त्यामुळे माझा सगळा कारभार त्यांच्या कानावर. त्या दिवशी मला चहा देताना त्या म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? राग नका मानू."

"सांगा ना."

"तुमी आवाज चढवू नका. तुमचा आवाज चढतच नाही. नुसता फाटते."

"मग काय करू?"

"मी काय करतो? पंगत बसली का मी कोनाले चूप म्हनत नाही. एकाच्या हाती मिठाचं भांडं देतो, एकाच्या हाती पान्याचा जग. ज्याच्या हाती काम, त्याचं तोंड बंद."

डीएडच्या दोन वर्षांत वर्गनियंत्रणावर मी बरीच पानं लिहिली होती. त्यात मिठाचं भांडं कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामं वाटली. ओम नावाचा एक मुलगा होता, तिसरीत असून चौथीलाही पुरून उरायचा. त्याला फळ्याचं आणि खडूच्या डबीचं मंत्रिपद दिलं. कोणाला सतरंज्या, कोणाला वह्या, कोणाला घंटा. आणि मी ओरडणं सोडून आणखी हळू बोलायला लागले. पुढच्या रांगेला ऐकायची उत्सुकता असते; तीच मागच्या रांगेला दाबायची. "चूप बे, मॅडम काही तरी सांगून राह्यल्या." माझ्या लाजाळूपणाचा मला आयुष्यात झालेला हा पहिला फायदा.

सगळ्यात मोठं पद होतं 'मागे म्हणा'चं. ही पद्धत माझ्या आधीपासूनची, हेडसर स्वतः तसेच शिकलेले. एक मूल टेबलापाशी उभं राहून धड्यातली ओळ मोठ्याने वाचतं, बाकीचे पुस्तकावर बोट ठेवून ती ओळ मागे म्हणतात. सगळा वर्ग एका सुरात चालतो. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला वाटतं, अभ्यास चाललाय. आणि तेवढ्या वेळात मला तिसरीची वजाबाकी उरकता येते. हे पद होतं चौथीतल्या अनुष्काकडे.

अनुष्काचा आवाज माझ्या अगदी उलट. लाल रिबिनीच्या दोन घट्ट वेण्या, पाठ ताठ, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कुठे म्हणून अडकायची नाही. ती वाचायला लागली की मंदाबाई झारा खाली ठेवून ऐकायच्या. आमच्याकडे प्रत्येक मुलाचा वाचनस्तर नोंदवहीत लिहावा लागतो : अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट. गोष्ट म्हणजे शेवटची पायरी. वर्षाच्या सुरुवातीला अनुष्काच्या नावापुढे मी निळ्या पेनाने 'गोष्ट' लिहिलं होतं, जरा वळणदार अक्षरात. माझ्या हाताखाली कोणी तरी असं वाचतंय याचं मला कौतुक होतं. कारण माझं स्वतःचं वाचन तसं नव्हतं. रोज संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीचा धडा बीबीतल्या खोलीत बसून चार चार वेळा वाचायची. जोडाक्षर आलं की जीभ ठेचकाळायची. वर्गात जाईपर्यंत तो धडा मला जवळजवळ तोंडपाठ असायचा. हे कोणाला माहीत नव्हतं आणि कळावं अशी इच्छाही नव्हती.

एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती, पण मी तिचा अर्थ चुकीचा लावला. रोज सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि शेवटी बातम्या. हेडसर बीबीहून येताना वर्तमानपत्र आणतात आणि एक मूल त्यातल्या तीन बातम्यांचे मथळे वाचतं. अनुष्का प्रतिज्ञा घ्यायची, प्रार्थना सांगायची. बातम्यांची पाळी आली की मात्र तिचा घसा बसायचा, किंवा ती म्हणायची, "मॅडम, आज ओमले द्या, त्याले कधी भेटत नाही." मला वाटलं, मुलगी मोठ्या मनाची आहे. मी स्वतः पुढे होणं टाळत आलेली, त्यामुळे दुसरं कोणी टाळलं तर मी कारण विचारत नाही.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता, तरी दुपारचं ऊन चटकत होतं. लाईट सकाळपासून गेलेली. अनुष्का टेबलावर पुस्तक ठेवून धडा सांगत होती, वर्ग मागे म्हणत होता, आणि मी तिच्या मागे कपाटातून चौथीच्या वह्या काढत होते. तेवढ्यात लाईट आली. पंख्याचं बटण चालूच राहिलं होतं. पंखा फिरला, पुस्तकाचं पान फडफडलं आणि उलटलं. मग आणखी एक उलटलं. आता तिच्यासमोर पुढचा धडा होता, वर मोठं चित्र, खाली चार ओळी.

अनुष्का वाचतच राहिली. आधीचाच धडा. एकही शब्द न चुकता.

दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. तिचं बोटही चालत होतं, चित्रावरून. मग तिला पान दिसलं. तिने मान वळवून मागे बघितलं आणि मी बघतेय हे तिने बघितलं. तिने पुस्तक मिटलं, वर्गाला म्हणाली, "बस, झालं आजचं," आणि मला म्हणाली, "मॅडम, पानी पिऊन येऊ?"

वर्गाला काहीच कळलं नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांची पानंही उलटली होती आणि तेही आधीचाच धडा म्हणत होते, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी अनुष्का आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशीही नाही. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी जायचं ठरवलं. कोणाच्या घरी न बोलावता जाणं हे माझ्यासाठी काय असतं ते लाजाळू माणसांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून उपयोग नाही. गल्लीच्या तोंडापासून मी दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा तिच्या आईनेच बघितलं.

"अव मॅडम, तुमी? या, या. इकडं कुनाकडं आल्ता?"

"तुमच्याकडेच."

आई नुकतीच कापूस वेचून आली होती. अनुष्काचे वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतात, ते रात्रीच येतात. अनुष्का कोपऱ्यात तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

"पोट दुखून राह्यलं म्हनते तीन दिवसापासून," आई म्हणाली. "चकल्या तर बराबर खाऊन राह्यली."

भिंतीवर खिळ्याला तार अडकवली होती आणि तारेला लग्नपत्रिकांचा गठ्ठा. बघायला काहीतरी हवं म्हणून मी तिकडे बघत बसले. आईला वाटलं, मला कौतुक वाटतंय.

"साऱ्या तिनंच वाचेल हायेत. मले काही वाचता येत नाही. हिच्या बापाले सही पुरतं. कोनाची बी पत्रिका आली का मी म्हनतो, अनुष्का, वाच बरं. धडाधडा वाचते. मोठी निकिता, तिले बीबीच्या मोठ्या शाळेत टाकलं, सहावीत म्हने मले समजत नाही, बसली घरी. हिचं तसं नाही होनार. ही हुशार हाय."

मी मान हलवली.

"एकडाव तेवढी गंमत झाली," आई म्हणाली आणि गठ्ठ्यातली एक पत्रिका ओढून काढली. "माझ्या चुलतबहिनीच्या पोरीचं लगन. पत्रिका द्यायले मानूस आला, म्हने नवरदेवाची पार्टी खामगावची हाय. हिनं वाचलं, आई, लगन खामगावले हाय. मी दोघी पोरींले घेऊन दोन गाड्या बदलून तुमच्या खामगावले गेलो ना मॅडम. फोन ह्यांच्याजवळ. साऱ्या मंगल कार्यालयात फिरलो. दुसऱ्याच लग्नात चार जनाईनं आमाले जेवाले बसा म्हनलं. मंग कळलं, लगन चिखलीले होतं. आमी तर सकाळी चिखलीवरूनच गेल्तो. कचोरी खाल्ली अन् परत आलो." आई हसली. "छापनाऱ्यानंच गडबड केली होती, दुसरं काय."

तुरीतले खडे निवडणारा हात थांबला होता.

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "बघू ती पत्रिका." आणि तयारी न करता, चौथीतल्या मुलीसमोर आणि तिच्या आईसमोर, मी मराठी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला अडकले. "चि. सौ. कां." हे मी जसं छापलं होतं तसंच वाचलं. चि, सौ, कां.

"असं नाही व मॅडम," आई म्हणाली. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिनी असते ते." ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिला ते ऐकून पाठ होतं. पुढे 'ज्येष्ठ' आला, 'द्वितीय' आला, 'कृपाभिलाषी' आला. मी प्रत्येकाशी थांबत, मागे येत, परत चढत गेले. घामाघूम झाले. अनुष्का आता सरळ माझ्याकडे बघत होती.

मला फाट्यापर्यंत सोडायला ती आली. गल्ली मागे पडली. मग ती म्हणाली, "मॅडम, तुमाले वाचता नाही येत?"

"येतं. पण हळू. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले ना."

"वर्गात तर अडकत नाही तुमी."

"घरी चार वेळा वाचून येते."

"म्हंजे पाठ करता."

"जवळजवळ."

"मी बी," ती म्हणाली. "तुमी पयल्या दिवशी धडा वाचता ना, तवाच होते मले. वाचाले बसलं का मंग पयल्याच अक्षरापाशी पुढचं सारं आठोते. अक्षरं पाहाची गरजच पडत नाही." मग काळीपिवळी दिसल्यावर घाईने, "आईले नका सांगू. पोराईले बी. सांगतलं तर मी येनार नाही."

"नाही सांगणार. तूही माझं सांगू नकोस."

"नाही सांगत," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आली. येताना ती पत्रिका दप्तरात घालून आली.

आमच्या धंद्यातली गोम अशी आहे की पाठ म्हणणं आणि वाचणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. उलट पाठ जास्त देखणं दिसतं. आमची चाचणीही अशी की दरवेळी तीच चिठ्ठी, तोच परिच्छेद. रांगेतल्या तिसऱ्या मुलाला तो आधीच्या दोघांचं ऐकून झालेला असतो. अनुष्काच्या आधी माझ्या हाताखालून चौथीच्या दोन तुकड्या पुढे गेल्या होत्या. त्यांच्यातल्या किती जणांना मी 'गोष्ट' लिहून मोठ्या शाळेत पाठवलं, ज्यांना फक्त पाठ होतं, ते मला माहीत नाही. बीबीच्या बाजारात कधी कधी ती मुलं भेटतात, नमस्कार करतात. मी त्यांना विचारत नाही. अनुष्काच्या बाबतीत मात्र मला कळलं होतं, आणि जूनपर्यंत सात महिने होते. त्यानंतर तीच मोठी शाळा, जिथून निकिता घरी बसली.

पहिलं काम म्हणजे 'मागे म्हणा' बंद. अनुष्काचं पद काढलं असं दिसू नये म्हणून सगळ्या वर्गाला सांगितलं, माझं डोकं दुखतं. तिला घंटा दिली. दोन दिवसांनी हेडसर दारात डोकावले.

"मॅडम, वर्ग फार शांत वाटतो. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे सर. जरा नोंदवही हवी होती. अनुष्काचा स्तर बदलायचाय."

"आता काय बदलता? गोष्टीच्या वर काही नाही."

"खाली आणायचाय. शब्दावर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, स्तर वर जातो. खाली गेलेला मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. वरून विचारतील, पोरगी शिकलेलं विसरली का म्हणून."

"पण ती वाचत नाही, सर."

"हे तुम्हाला कळलं, चांगलं झालं. कागदाला कशाला कळवता?" मी गप्प उभी राहिले. बोलता येत नाही तेव्हा मी नुसती उभी राहते. पुष्कळदा त्याचा उपयोग होतो. शेवटी सर म्हणाले, "बरं, खोडून शब्द लिहा. पण पेन्सिलीने लिहा."

दुसरं काम होतं, जे कोणालाच पाठ नाही असं काहीतरी वाचायला शोधणं. ते तर गावात घरोघर तारेला लटकत होतं. मी मुलांना सांगितलं, जुन्या लग्नपत्रिका आणा. दोन दिवसांत टेबल भरलं. पत्रिकेसारखं पुस्तक नाही. प्रत्येकीत नावं वेगळी, आणि नावं ओळखीची. त्यात जोडाक्षरं खच्चून भरलेली. शेवटी 'किलबिल' म्हणून घरातल्या पोरांची नावं असतात. तिथे ओमला स्वतःचं नाव सापडलं. आठवडाभर तो ती पत्रिका खिशात घेऊन फिरला आणि ज्याला त्याला म्हणाला, "वाच बे, काय लिहेल हाय इथं?" निदान तो एक शब्द अख्ख्या शाळेला वाचता आला.

रोज एक पत्रिका मुलं निवडायची आणि मी न बघता वाचायची. नियम एकच : वाचणारा अडकला तर दहा आकडे होईपर्यंत कोणी सांगायचं नाही, कोणी हसायचं नाही. माझं अडकणं हा वर्गाचा आवडता कार्यक्रम झाला. अवघड आडनावांच्या पत्रिका मुद्दाम शोधून आणायची पोरं. पहिल्या दिवशी माझे कान गरम झाले. पंधरा दिवसांनी मी धडे चार वेळा वाचून जाणं सोडलं, वेळही वाचला.

अनुष्का सकाळी अर्धा तास आधी यायची, घंटेचं काम म्हणून. ती म्हणाली होती तसंच खरंच होतं. पहिलं अक्षर दिसलं की बाकीचं तिच्या डोक्यातून यायचं. 'चि' दिसलं की 'चिरंजीव', मग पुढे काहीही असो. मी एका जाड पत्रिकेची पट्टी कापली आणि तिला एका अक्षराएवढी खिडकी पाडली. ओळीवर पट्टी ठेवायची, खिडकी सरकवायची. एकेकच अक्षर दिसतं, आठवणीला पुढे धावायला जागा राहत नाही. तिला ती पट्टी अजिबात आवडायची नाही. "आंधळं झाल्यावानी वाटते," म्हणायची. जिचा आवाज कुठे थांबत नसे ती आता एका शब्दाला मिनिट घ्यायची, आणि तिसऱ्या शब्दाला डोळ्यात पाणी.

चौथ्या दिवशी आम्ही त्या खामगाववाल्या पत्रिकेच्या तळाशी पोचलो. खिडकी सरकली.

"वि... वा... ह... स्थ... ळ. विवाहस्थळ." पुढे कार्यालयाचं नाव, ते कसंबसं झालं. मग, "चि..."

"चिरंजीव म्हणू नकोस."

"नाही म्हनत. चि... ख... ली." तिने पट्टी उचलली आणि पूर्ण शब्द बघितला. मग हात तोंडावर नेला.

"मॅडम, इथं तर लिहेलच होतं."

मी पट्टी तिच्या हातातून घेतली.

"छापनाऱ्याची काहीच गलती नव्हती," ती म्हणाली. आणि एकदम हसायला लागली, इतकी की शेडमधून मंदाबाई झारा घेऊन बघायला आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, अनुष्काकडे पाहिलं. "चालू द्या," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळचा चहा दोन कपांत आणायला लागल्या, एक अर्धा, जास्त दुधाचा.

हे सगळं सरळ चढत गेलं असं मात्र नाही. संक्रांतीनंतर ती पुन्हा आठ दिवस रुसली. पट्टी लपवून ठेवली. मला ती नंतर तांदळाच्या पोत्यामागे सापडली. फेब्रुवारीत एकदा मीच वैतागले आणि माझा आवाज चढला, म्हणजे फाटला. ती म्हणाली, "तुमी ओरडू नका, तुमाले जमत नाही." दोघींना हसू आलं आणि पुढची ओळ झाली. मार्च उजाडला तेव्हा पट्टी सुटली होती. हळू, थांबत, पण अक्षरावर डोळा ठेवून ती वाचत होती. फक्त माझ्यासमोर. वर्गाला अजून तीच अनुष्का माहीत होती, न अडकणारी. मोठ्या शाळेत नवी मुलं, नवे शिक्षक. तिथे पहिल्यांदा अडकली की काय करेल, याची मला धास्ती होती. पुन्हा पोट दुखलं, तर तिथून तिच्या घरी कोण जाणार होतं?

शाळेचा शेवटचा आठवडा. परिपाठाला मुलं व्हरांड्यासमोर रांगेत उभी. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला. हेडसरांनी वर्तमानपत्र पुढे केलं आणि नेहमीसारखं विचारलं, "बातम्या कोण?" ओम निघालाच होता. अनुष्काने त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला मागे ओढलं आणि स्वतः गेली.

मी तिला सांगितलं नव्हतं. तिने मलाही सांगितलं नव्हतं.

तिने पेपर उघडला. वारा होता, पान फडफडत होतं, तिने ते कोपराने दाबून धरलं. "अवकाळी... पावसामुळे... कांदा..." आणि थांबली. रांगेत चुळबुळ झाली. मी तिच्या बाजूने तिरकी नजर टाकली. पुढचा शब्द होता 'बीजोत्पादकांचे'. मी स्वतः त्याच्याशी दोनदा थांबले असते.

"बी... जो..." ती परत मागे आली. "बी... जोत्..."

मनातल्या मनात मी आकडे मोजत होते. दहा झाले. ओमला राहवलं नाही. "काऊन अडकून राह्यली व? तुले तर सारं धडाधडा येते."

अनुष्काने पेपरातून डोकं वर काढलं नाही. बोट त्या शब्दावर ठेवून म्हणाली, "वाचून राह्यली मी. पाठ नाही हाय हे." आणि परत सुरू केलं. "बी... जोत्... पा... दकां... चे. बीजोत्पादकांचे नुकसान."

मग दुसरी बातमी. मग तिसरी. परिपाठ त्या दिवशी पंधरा मिनिटं लांबला. कोणी हसलं नाही. नियम सगळ्यांना ठाऊक होता. मंदाबाईंच्या शेडमधून फोडणी जळल्याचा वास आला, म्हणजे त्या ऐकत होत्या.

दुपारी हेडसरांनी माझ्या टेबलावर नोंदवही, खोडरबर आणि स्वतःचं पेन ठेवलं. "लिहा आता. गोष्ट ना?"

"परिच्छेद," मी म्हणाले.

सरांनी नोंदवही उघडून दिली. "तुमचं काही कळत नाही मॅडम," म्हणाले, पण पेन परत घेतलं नाही. मी पेन्सिल खोडली आणि पेनाने 'परिच्छेद' लिहिलं. साध्या अक्षरात.

ती पाचवीत गेली. आमच्याकडे नवी चौथी आली, गोंधळ घालणारं नवं कोणी तरी आलं, आणि ओम चौथीत जाऊन अचानक शिस्तीचा झाला. मोठ्या शाळेतल्या तिच्या बातम्या मला मंदाबाईंकडून मिळायच्या. एकदा म्हणाल्या, "ते खामगावचं तिनं घरी सांगून टाकलं म्हने. माय हासून हासून लाल झाली. अन् पत्रिका आता निकिताले वाचाले लावते, म्हने हिनं बी शिकाव."

यंदाच्या उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या बेताला, मंदाबाईंनी माझ्या हातात एक पत्रिका ठेवली. अनुष्काच्या मावशीचं लग्न. मी ती उभ्या उभ्या वाचली, चि. सौ. कां. सकट, कुठेही न थांबता. खाली किलबिलमध्ये अनुष्काचं नाव होतं. विवाहस्थळाच्या ओळीखाली निळ्या पेनाने जाड रेघ ओढली होती आणि समासात, उभ्या कडेने, जागा पुरेल तसं लिहिलं होतं :

'मॅडम लग्न चिखलीला आहे. नीट वाचून या. खामगावला जाऊ नका.'